केबिन बॅगेतलं तेल-शाम्पू दर वेळी अडतं किंवा गळतं: कारणं आणि उपाय

केबिन बॅगेत ठेवलेल्या प्रसाधनांच्या तक्रारी मुळात दोनच. एक तर सुरक्षा तपासणीत बाटली काढून घेतली जाते, नाहीतर मुक्कामी बॅग उघडल्यावर शर्टाला शाम्पू लागलेला दिसतो. आणि हे एकदा होऊन थांबत नाही. पुढच्या प्रवासाला नवी, महागडी बाटली घेतली तरी तेच होतं, कारण बाटली बदलते, भरायची पद्धत तीच राहते. अडण्याचं मूळ नियम चुकीचा वाचण्यात आहे आणि गळण्याचं मूळ बाटलीतल्या हवेत. दोन्ही नीट समजून घेतलं की बाकीचं सोपं आहे.

तळाला चार चमचे उरलेली बाटली का काढून घेतात?

आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी जवळपास सगळीकडे एकच नियम आहे: प्रत्येक द्रव पदार्थ जास्तीत जास्त १०० मिलिच्या भांड्यात, आणि अशी सगळी भांडी मिळून १ लिटरच्या एका पारदर्शक, पुन्हा बंद होणाऱ्या पिशवीत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, त्यानंतर हा नियम आला.

यात लोक चुकतात ते 'भांडं' या शब्दावर. मोजलं जातं ते भांडं, आतला माल नाही. २०० मिलिच्या बाटलीत ३० मिलि तेल उरलं असेल तरी ती २०० मिलिचीच बाटली. ट्रेपाशी उभा असलेला माणूस आत किती आहे हे मोजत बसत नाही, बाटलीवर छापलेला आकडा वाचतो. त्यामुळे 'अर्धी तर संपली आहे' हा युक्तिवाद कुठेही चालत नाही आणि त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

याच आकड्यामुळे आणखी तीन ठिकाणी फसगत होते. 'ट्रॅव्हल साइझ' म्हणून विकलेली बाटली १०० मिलिचीच असते असं नाही. अमेरिकी मापाच्या ४ औंसाच्या बाटल्या ११८ मिलिच्या भरतात आणि त्या अडतात. ३.४ औंस म्हणजे १०० मिलि, तिथपर्यंत ठीक. दुसरं, प्लास्टिकच्या दुकानातून सुट्या घेतलेल्या बाटल्यांवर आकडाच नसतो. बाटली ८० मिलिची असली तरी दिसायला मोठी वाटली की हुज्जत होते. घेतानाच तळाशी किंवा पाठीवर मिलि कोरलेली बाटली बघून घ्या. तिसरं, टूथपेस्ट ग्रॅममध्ये येते. टूथपेस्ट पाण्यापेक्षा जड असल्यामुळे १०० ग्रॅमची ट्यूब प्रत्यक्षात १०० मिलिपेक्षा कमीच भरते. पण हे गणित तपासणीच्या रांगेत समजावता येत नाही. १५० ग्रॅमची ट्यूब, कितीही पिळून संपवलेली असो, घरीच ठेवा.

'हे तर घट्ट आहे, द्रव कुठे?'

तपासणीच्या भाषेत द्रव म्हणजे नुसतं पातळ नव्हे. जे ओतता येतं, फासता येतं, पिळता येतं किंवा फवारता येतं ते सगळं द्रवात धरतात. टूथपेस्ट, क्रीम, जेल, केसांचं वॅक्स, व्हॅसलिन, बाम, लिप ग्लॉस, मस्कारा, फाउंडेशन, रोल-ऑन हे सगळं पिशवीत गेलं पाहिजे.

मराठी घरांत गोंधळ होतो तो खोबरेल तेलावर. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात पुण्यातून निघताना डबीत ते मेणासारखं घट्ट असतं, म्हणून लोक ते घन समजून बॅगेत तसंच टाकतात. मात्र फासता येतं ना, मग ते द्रवच. कैलास जीवनची डबी, अमृतांजनची बाटली, डबीतलं मऊ काजळ, ओलं कुंकू, मेंदीचा कोन यांनाही हाच न्याय. मेंदीच्या कोनाची एक वेगळी अडचण आहे: त्यावर मिलि छापलेलं नसतं आणि टोक दाबलं जाऊन तो बॅगेत फुटतो. लग्नाला निघाला असाल तर कोन चेक-इन बॅगेत, डब्यात घालून द्या.

खरोखर घन म्हणजे साबणाची वडी, शाम्पूची वडी, कांडीचं डिओडरंट, नेहमीची लिपस्टिक, काजळाची पेन्सिल, कोरडं कुंकू आणि तुरटी. तुरटीचा खडा आवर्जून सुचवावासा वाटतो. दाढीनंतर चालतो, घामाच्या वासाला चालतो, गळत नाही, पिशवीतली जागा खात नाही. रोल-ऑन आणि आफ्टरशेव्ह या दोन बाटल्या एका खड्याने वाचतात. दंतमंजनाचंही तसंच.

घन वस्तूंनाही एक पथ्य आहे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर साबण, तेल, मिठाई असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी छटेत दिसतात, आणि अनेक स्फोटकंही त्याच छटेत दिसतात. परदेशी नातेवाइकांसाठी चंदनाच्या साबणाच्या डझनभर वड्या एकावर एक रचून केबिन बॅगेत नेल्या तर तिथे एक दाट नारिंगी ठोकळा दिसतो आणि बॅग बाजूला काढली जाते. गैर काही नसतं, फक्त पंधरा मिनिटं जातात. असा साठा चेक-इन बॅगेत द्यावा.

पिशवीत सगळं मावत नाही

१ लिटरची पिशवी म्हणजे साधारण २० बाय २० सेंटिमीटर. हिशेबाने तिच्यात १०० मिलिच्या दहा बाटल्या बसायला हव्यात, पण गोल बाटल्यांमध्ये मोकळी जागा राहते. पाच-सहा भरल्या की झिप लागत नाही, आणि झिप न लागणारी पिशवी नियमात बसत नाही. मोठी पिशवी घेणं हा उपाय नाही. प्रत्येक गोष्ट १०० मिलि भरायची ही सवय सोडणं हा उपाय आहे.

आठवड्याला खरोखर किती लागतं ते मोजून बघा. टूथपेस्ट एका वेळेला दीड ग्रॅम धरली तरी दिवसातून दोनदा, सात दिवस, म्हणजे २१ ग्रॅम. शाम्पू लांब केसांना एका न्हाण्याला १० मिलि, आठवड्यातून तीनदा, ३० मिलि. चेहरा आणि मानेला सनस्क्रीन दिवसातून दोनदा मिळून २ ते ३ मिलि, म्हणजे आठवड्याचं २० मिलि. समुद्रावर जाणार असाल तर मात्र हिशेब वेगळा: मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी ३० मिलिच्या आसपास लागतं, तेव्हा ते तिथे पोहोचून विकत घ्यावं. चेहऱ्याचं क्रीम १५ ग्रॅम. तेल दोनदा लावायचं तर २० मिलि. बेरीज ११० मिलिच्या आसपास येते. मस्कारा, लिप ग्लॉस, फाउंडेशन धरूनही अर्धी पिशवी रिकामी राहते.

म्हणून ३० मिलिच्या चार आणि १५ मिलिच्या तीन-चार डब्या हा संच १०० मिलिच्या सहा बाटल्यांपेक्षा कितीतरी उपयोगी. फाउंडेशन किंवा डोळ्यांखालचं क्रीम अगदी थोडं लागतं. त्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्सची नवी, कोरी डबी उत्तम: दोन्ही खणांत काही मिलि मावतं आणि झाकणं आट्यांची असतात. औषधाच्या गोळ्यांचे खणवाले डबे मात्र घेऊ नका, ते हवाबंद नसतात.

आणि आपल्याकडे शाम्पूची पुडी मिळते, ही मोठी सोय आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे टांगलेल्या माळेतल्या पाच-सहा पुड्या तोडल्या की आठवड्याचा शाम्पू झाला. पुडीत हवा जवळपास नसते, त्यामुळे ती विमानात फुगून फुटत नाही. वापरून झाली की वजनही जातं. पुड्याही द्रवाच्या पिशवीतच ठेवायच्या, आणि कंगवा किंवा नेलकटरपासून लांब, कारण पुडीला टोचलेलं छिद्र दिसत नाही.

गळती: हवा काय करते

विमान ३५-४० हजार फुटांवर उडत असलं तरी केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असावा इतका ठेवलेला असतो. ८ हजार फुटांचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या तीन-चतुर्थांश असतो. बाटलीत कोंडलेली हवा त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने पसरू पाहते.

मुंबईत अर्धी भरलेली १०० मिलिची बाटली घ्या. आत ५० मिलि हवा आहे. वर गेल्यावर तिला ६७ मिलि जागा हवी असते. ही जास्तीची १७ मिलि जागा कुठून येणार? बाटली मऊ असेल तर ती फुगते. कडक असेल तर काहीतरी बाहेर ढकललं जातं. बाटली उभी असेल तर झाकणातून हवा निसटते आणि काही बिघडत नाही. बाटली आडवी किंवा उलटी असेल तर तोंडापाशी द्रव असतो, आणि मग साडेतीन चमचे शाम्पू बाहेर येऊ शकतो. केबिन बॅग वरच्या कप्प्यात आडवी टाकली जाते, त्यामुळे घरात उभी भरलेली बाटली प्रवासात बहुधा आडवीच असते. पुण्यात भरलेली बाटली मुंबईतल्या बाटलीपेक्षा थोडी कमी गळते, कारण पुणे सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तिथे कोंडलेली हवाच मुळात जरा विरळ असते.

यातून दोन नियम निघतात, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत म्हणून लोक गोंधळतात.

कडक बाटली (काच, कडक प्लास्टिक) जवळजवळ काठोकाठ भरा. हवा कमी तर पसरणं कमी. अर्धी भरलेली कडक बाटली सगळ्यात वाईट. ३० मिलि न्यायचं असेल तर ३० मिलिचीच बाटली घ्या.

मऊ बाटली किंवा ट्यूब मात्र दाबून, आतली हवा काढून बंद करा. रिकाम्या भागातली निदान एक-तृतीयांश हवा निघाली पाहिजे, म्हणजे वर गेल्यावर उरलेल्या हवेला पसरायला बाटलीतच जागा मिळते. बाटली चपटी दिसली पाहिजे. ती चपटी राहते का, ही झाकणाची फुकटातली परीक्षाही आहे: रात्री दाबून बंद केलेली बाटली सकाळी पुन्हा गोल झाली असेल तर झाकणातून हवा आत आली. जिथून हवा आत येते तिथून तेल बाहेर जातं. ते झाकण टाकून द्या.

कडक बाटलीची परीक्षा वेगळी. अर्धी बाटली पाण्याने भरा, झाकण न लावता तासभर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून लगेच झाकण घट्ट लावा आणि कागदी रुमालात गुंडाळून, उलटी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गरम पाण्यात बुडवा. पाणी हात घालवेल-न घालवेल इतकं, ५० अंशांच्या आसपास गरम असावं. थंड हवा गरम होऊन सुमारे १५ टक्के पसरते. विमानात होतं त्याच्या हे निम्मंच आहे, पण यातही रुमाल ओला झाला तर ती बाटली प्रवासाला नेऊच नका.

पंपाच्या बाटल्यांचं गणित आणखी वेगळं आहे, आणि इथे जाणते लोकही फसतात. पंपाच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते. वरची हवा पसरली की ती द्रवाला खाली दाबते आणि द्रव नळीतून वर चढून तोंडातून येतो. म्हणजे पंपाची बाटली सरळ उभी असली तरी गळते. फिरवून कुलूप लावता येणारा पंपही बॅगेच्या हालचालीत सुटतो. उपाय एकच: पंप काढून, पुसून वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवायचा आणि बाटलीला साधं आट्यांचं झाकण लावायचं. सीरमच्या ड्रॉपरचंही असंच. विमानात सीरम काचेच्या नळीतून वरच्या रबरी फुग्यात चढून बसतं, आणि मुक्कामी झाकण फिरवलं की थेंब उडतात. तेही साध्या झाकणाने बदलावं, नाहीतर पोहोचल्यावर बाटली उभी धरून हळूहळू उघडावी.

बटणासारखं एका बाजूने दाबून उघडणारं झाकण सगळ्यात बेभरवशाचं. बॅगेत शेजारची वस्तू त्या बाजूला टेकली की ते आपोआप उघडतं. खटका असलेलं उघड-मीट झाकण त्यापेक्षा बरं, पण त्यावर चिकटपट्टीचा एक वेढा हवाच. भरवसा ठेवावा तो फक्त आट्यांच्या झाकणावर.

आट्यांचं झाकण असं बंद करा:

१. बाटलीचं तोंड आणि आटे कोरड्या कापडाने पुसा. आट्यांवर तेल राहिलं तर झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण सरकतं.

२. नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेफलॉन टेप घ्या. बाटलीचं तोंड आपल्याकडे करून आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीन वेढे ओढून गुंडाळा. उलट दिशेने गुंडाळली तर झाकण लावताना टेप सुटून गोळा होते.

३. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून तिचा चार सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि तोंडावर ठेवा. स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म लोक वापरतात, पण ती झाकण फिरवताना फाटते. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक जाड आणि मऊ असतं, ते वॉशरसारखं बसतं.

४. झाकण लावा, बाटली उलटी करून कागदी रुमालावर दाबून बघा.

तेल, टोनर आणि मेकअप काढायचं पाणी यांना या चारही पायऱ्या हव्यात. पातळ पदार्थ आट्यांतल्या बारीक फटीतून सहज सरकतात, आणि तेल तर प्लास्टिकच्या पृष्ठभागावर स्वतःच पसरत जातं. शाम्पू, कंडिशनर, जाड क्रीम यांना तिसरी पायरी पुरे. नेलपॉलिशची बाटली कडक आणि बहुतेक वेळा अर्धीच असते. ती छोट्या वेगळ्या पिशवीत, तोंड वर करून ठेवा.

रोल-ऑनचा गोळा झाकणाने दाबून बसलेला असतो तोवरच बंद असतो, तेव्हा झाकणावर चिकटपट्टी लावा. अत्तराच्या काचेच्या बुचाच्या कुपीवरही. फवाऱ्याचं परफ्यूम मात्र सहसा दाबामुळे गळत नाही. त्याची टोपी निघते आणि फवाऱ्याचं टोक दाबलं जातं. टोपी पट्टीने बांधली की काम झालं.

बाटलीचं प्लास्टिकही बघा. तळाच्या त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर जवळपास काहीही भरता येतं. ६ आकड्याचं चकचकीत, ठिसूळ प्लास्टिक नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने विरघळतं आणि उग्र सुगंधी तेलांनी तडकतं. सिलिकॉनच्या मऊ, रंगीत ट्यूब दिसायला छान, पण ज्या सीरममध्ये आणि सनस्क्रीनमध्ये सिलिकॉन तेलं असतात त्यांनी त्या फुगतात आणि झाकण ढिलं होतं. त्यात शाम्पू भरा.

नव्या बाटलीत माल भरण्याआधी ती धुऊन पूर्ण दिवस उघडी वाळवा. आत पाण्याचे थेंब राहिले तर क्रीममधलं टिकाऊ द्रव्य पातळ होतं आणि जंतू वाढतात. डॉक्टरांनी दिलेली मलमं, थेंब आणि औषधी द्रव्यं दुसऱ्या बाटलीत काढूच नयेत. लेबल नसलेलं औषध तपासणीत औषध म्हणून मानलं जात नाही. औषध १०० मिलिपेक्षा जास्त नेण्याची सवलत असते, पण त्यासाठी मूळ बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत लागते. वैद्यांनी दिलेल्या तेला-काढ्यालाही चिठ्ठी घ्या. लेबल नसलेली तपकिरी बाटली हमखास बाजूला काढली जाते.

बॅग केबिनमध्ये न जाता खाली जाईल हेही धरून चाला. एटीआरसारख्या छोट्या विमानात वरचे कप्पे लहान असतात आणि विमानाच्या दाराशी बॅग घेऊन सामानात टाकतात. तिथला दाबही केबिनइतकाच कमी असतो, वर इतर बॅगांचं वजन पडतं. बॅग देताना पॉवर बँक आणि औषधं काढून हातात घ्यायला विसरू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत.

लेहला जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. लेहचा विमानतळ सव्वातीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे तिथे जमिनीवरचा दाब विमानातल्या नेहमीच्या केबिनपेक्षाही कमी. इतर ठिकाणी विमान उतरलं की बाटल्या पुन्हा आक्रसतात, लेहला त्या फुगलेल्याच राहतात. हॉटेलात पोहोचून सनस्क्रीनचं झाकण बेसिनवर, बाटली उभी धरून, आधी अर्धा आटा फिरवून उघडा.

पावडर, ब्लेड, फवारे

अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत १२ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे ३५० मिलिपेक्षा जास्त पावडर केबिनमध्ये असेल तर जादा तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती नेता येत नाही. २०१८ च्या मध्यापासून हे चालू आहे. ऑस्ट्रेलियातही त्याच सुमारास ३५० मिलिची मर्यादा आली, ती फक्त असेंद्रिय पावडरींना. टाल्कम हे खनिज आहे आणि मुलतानी माती ही मातीच, तेव्हा दोन्ही या मर्यादेत येतात. उटणं, शिकेकाई, बेसन सेंद्रिय असलं तरी लेबल नसलेल्या पिशवीतलं तपकिरी चूर्ण केबिनमध्ये नेऊन स्वतःची अडचण करून घेऊ नये.

दाढीचं सुटं ब्लेड केबिनमध्ये चालत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या रेझरमध्ये ते बसवलेलं असलं तरी नाही. बंदिस्त कार्ट्रिजचा रेझर सहसा जातो. टोकदार कात्री भारतात अडते. युरोपात ६ सेंटिमीटरपर्यंतचं पातं चालतं, पण जाताना चाललेली कात्री येताना जप्त होते हे नेहमीचं. कात्री चेक-इन बॅगेत द्या.

गॅसच्या डब्याचं डिओडरंट बहुधा १५० मिलिचं असतं, म्हणजे आंतरराष्ट्रीय केबिनमधून बाद. चेक-इन बॅगेत ते जातं. फवारे, परफ्यूम, हेअर स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर हे सगळं धरून एका प्रवाशाला एकूण २ लिटर किंवा २ किलो, आणि एक डबा ५०० मिलिच्या आत. फवाऱ्याच्या तोंडावर टोपी घट्ट हवी. गॅसवर चालणारं केस कुरळे करायचं यंत्र एकच नेता येतं, तापणाऱ्या भागावर आच्छादन बसवून, आणि त्याच्या गॅसच्या जादा नळ्या कुठल्याच बॅगेत चालत नाहीत.

जाताना गेलं, येताना का अडलं?

भारतात देशांतर्गत उड्डाणांत १०० मिलिची अट तितकी काटेकोर लावली जात नाही. २०० मिलिची बाटली पुष्कळदा जाते. पण अंतिम निर्णय तिथे तपासणाऱ्याचा असतो, त्यामुळे पुणे-दिल्ली प्रवासात गेलेली बाटली पुढे दिल्ली-फ्रँकफर्टला अडणारच. पूर्ण प्रवासातलं सगळ्यात कडक विमानतळ कोणतं ते बघून भरा.

परदेशातही एकसारखं नाही. नव्या सीटी स्कॅनरमुळे ब्रिटन आणि युरोपातल्या काही विमानतळांनी मर्यादा २ लिटरपर्यंत सैल केली आहे, एडिंबरा त्यांपैकी एक. पण युरोपियन संघाने १ सप्टेंबर २०२४ पासून तशी सैल केलेली सवलत एकदा मागेही घेतली होती. परतीचा विमानतळ आणि मधला बदलाचा विमानतळ दोन्हीकडे चालत असेल तरच मोठी बाटली घ्या.

ड्यूटी-फ्रीमधलं परफ्यूम १०० मिलिपेक्षा मोठं असेल तर ते सीलबंद पिशवीत, पावती बाहेरून दिसेल असं मिळतं. शेवटच्या विमानात बसेपर्यंत सील तोडू नका. दुबईहून मुंबईला आणि पुढे नागपूरला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी: मुंबईत सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर पडल्यावर, देशांतर्गत काउंटरला बॅग देण्यापूर्वी, ती बाटली चेक-इन बॅगेत टाकावी. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, तिथेही असंच.

ट्रेपाशी बॅग अडलीच तर

बॅगेत हात घालू नका, त्यांनी सांगितल्यावरच वस्तू काढा. बाटली महाग असेल आणि चेक-इन काउंटर बंद व्हायला वेळ असेल, तर परत जाऊन बॅग सामानात देता येईल का ते तिथल्या जवानाला शांतपणे विचारा. सोबत कुणी चेक-इन बॅग देणारं अजून मागे असेल तर तेही चालतं. वेळ नसेल तर बाटली सोडून द्या. द्रवाची पिशवी बॅगेच्या वरच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेली असेल तर हा प्रसंग बहुतेक वेळा येत नाही, कारण ती आधीच ट्रेमध्ये दिसते.

आणि एवढं करूनही तेल सांडलंच, तर कपडा आधी पाण्यात बुडवू नका. टिपकागदाने तेल टिपून घ्या, डागावर टाल्कम किंवा बेसन दाबून वीस मिनिटं ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब डागाच्या उलट बाजूने चोळून कोमट पाण्यात धुवा. शाम्पू सांडला असेल तर फेस यायचा थांबेपर्यंत नुसत्या पाण्याने धुतलं की पुरतं, फक्त बॅगेचं अस्तर दुसऱ्या दिवसापर्यंत उघडं ठेवून वाळवा.